धोट्याच्या लाकडाची घोडी

मार्गशीर्ष लागला की सोलापूरची हवा कोरडी ठणठणीत होते. ओठ फुटतात, टाचा फुटतात आणि माझ्या फिडलच्या तारा ताणणाऱ्या खुंट्या सुटतात. पावसाळ्यात याच खुंट्या फुगून इतक्या घट्ट बसतात की फिरवताना दातओठ खावे लागतात. थंडीत मात्र कुणी हात न लावता, पेटीतल्या पेटीत 'टण्ण' होते आणि समजते, एक तार निवांत झाली. यंदा तो आवाज गेल्या आठवड्यात एका सकाळी आला. मी ज्वारीचे पीठ चाळत होते, म्हणजे एका हाताने चाळायचा खटाटोप करत होते. उजवा हात आषाढापासून रुसला आहे. झटका आला, गेला, आणि जाताना हातातला जोर घेऊन गेला. बोटे हलतात, पण मनगट आणि खांदा परक्या घरच्या पाहुण्यासारखे नुसते बसून असतात. हा मजकूरही डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर कोंबडीचे पाय झाले असेल तर सांभाळून घ्यावे.

तो 'टण्ण' ऐकला आणि चाळण तशीच ठेवून मी बसून राहिले. असाच एक हिवाळा आला होता, आणि त्या हिवाळ्यात मी माझे दोन्ही हात एकमेकांच्या जागी नेऊन बसवले होते.

बोलपट तेव्हा गावात यायचा होता. मी एकोणीस वर्षांची होते, मुलींच्या शाळेत पहिलीला शिकवत होते आणि दत्तूमामाच्या घरी राहत होते. आई-वडील साथीत गेल्यावर मामानेच मला वाढवले. मामा मिलमध्ये सुतार होता. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा जो धोटा, त्याची डागडुजी त्याच्याकडे असे. अंगाला कायम लाकडाच्या भुशाचा आणि तेलाचा वास. सोमवारच्या भजनात तो पेटी वाजवायचा, आणि आमच्या आळीत त्याच्या पेटीला तोड नव्हती.

फिडल त्याने आणले ते एका नाटक कंपनीचे. कंपनी सोलापुरातच मोडली आणि तिचे सामान विकायला निघाले. कुणी पडदे नेले, कुणी गदा नेली, मामाने फिडल आणले. त्याला घोडी नव्हती. घोडी म्हणजे तारांना पोटावर उचलून धरणारी लाकडाची लहानशी कमान. मामाने एक मोडका धोटा घेतला आणि चार दिवस घासून घासून घोडी केली. फिडलचे पोट एका अंगाला किंचित बसलेले होते, त्याप्रमाणे घोडीचे दोन पाय वेगवेगळे घासले. केसही आत जाणार नाही अशी ती बसली. त्या दिवशी त्याने मला हाक मारली आणि म्हणाला, इंदे, ही आता तुझी.

शिकवलेही त्यानेच. त्याला फक्त पेटी ठाऊक होती, आणि पेटीचा न्याय त्याने फिडलला लावला. पेटीवर सूर उजव्या हाताने वाजतात आणि भाता डाव्याने मारायचा असतो. तारांवर ओढायचा गज म्हणजे भाताच की, मामा म्हणाला. सूर हे देवाघरचे काम, ते उजव्या हाताचे. भाता ही हमाली, ती डाव्याची. तारासुद्धा त्याच हिशेबाने उलट्या चढवल्या आणि घोडीचा उतारही उलटाच ठेवला. सगळे कसे रीतीने, मन लावून, चुकीचे केलेले होते.

एकदा फोटोवाल्याच्या दुकानात एका फिडलवाल्याचा फोटो टांगलेला दिसला. त्याच्या उजव्या हातात गज. मी मामाला ओढत नेऊन दाखवला. मामाने मान तिरकी करून बराच वेळ पाहिले आणि निकाल दिला की फोटोवाल्याने काच उलटी छापली आहे. मला ते पटले. पुढे कित्येक दिवस त्या दुकानावरून जाताना मला फोटोवाल्याची कीव यायची.

अशी तीन वर्षे मी वाजवले. भजनातली सगळी पदे यायला लागली. लोक कौतुक करायचे आणि मी हवेत असायचे. त्या पदांमध्ये काय कमी आहे हे मला कुणी सांगितले नाही, कारण सांगणारा कुणी नव्हता.

सांगणारा त्या मार्गशीर्षात आला. शिवलिंगप्पा मास्तर धारवाडकडचे. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत सिनेमाचा तंबू लागे. मुक्या सिनेमाला पडद्याशेजारी बसून वाजवणारे लागत, त्यांच्यात मास्तर फिडलवर असत. त्या वर्षी ते दीड महिना आधीच आले आणि आमच्या आळीत बहिणीकडे उतरले. एका सोमवारी भजनाला येऊन खांबाला टेकून बसले. माझे पद संपल्यावर त्यांनी शांतपणे विचारले, कोण शिकवलं?

"म्या," मामा म्हणाला. छाती अशी पुढे आली होती की सदऱ्याची गुंडी तुटते की काय वाटले.

मास्तरांनी मान हलवली, प्रसाद घेतला आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःचे फिडल घेऊन घरी आले. मांडी घालून बसले, फिडलचे डोके पायाच्या घोट्यावर टेकवले, गज उजव्या हातात घेतला आणि मी आदल्या दिवशी वाजवलेल्या पदाची पहिली ओळ वाजवली. तेवढी एकच. सूर तेच होते, एकही जास्त नाही. पण माझ्या हातून ते दाणे निवडल्यासारखे एकेक पडत. मास्तरांच्या हातून ती ओळ कुणीतरी बोलले. मला वाटले, हे पद मी आज पहिल्यांदा ऐकते आहे. आणि मला राग आला, तीन वर्षे हे माझ्यापासून कुणी लपवून ठेवले म्हणून.

मग त्यांनी माझे फिडल उचलले, त्याच्या पोटाच्या चिरेला डोळा लावला आणि मामालाही बघायला सांगितले. आत एक काडी उभी असते. ती बारीक तारेच्या बाजूला घोडीच्या पायाजवळ असावी लागते. आम्ही तिच्या डोक्यावर जाड तार आणून बसवली होती, म्हणून खर्ज घुसमटत होता. मामा किती तरी वेळ डोळा लावून बघत राहिला. तो सुतार होता. त्याला आतले लाकूड एका नजरेत कळले होते. नजर वर करायला वेळ लागत होता, इतकेच.

"तीन वर्सं माज्या हातनं वाया गेली म्हना की," तो म्हणाला.

मास्तर म्हणाले की वाया काही जात नाही, सूर पक्के झाले आहेत, आता फक्त हात बदलायचे. मग माझ्याकडे वळून त्यांनी अट सांगितली. संक्रांत झाली, जत्रा उठली की ते धारवाडला जाणार. जाण्याआधी ते बोलावतील त्या दिवशी मी हीच ओळ त्यांना सरळ हाताने वाजवून दाखवायची. जमली तर ते दर हिवाळ्यात येऊन शिकवतील. नाही जमली तर फिडलचा नाद सोडायचा, पेटी काही वाईट वाद्य नाही. पहिले वीस दिवस बोटे लावायचीच नाहीत. नुसता सा, मोकळ्या तारेवर.

मामाने तोंड उघडण्याआधी मी हो म्हणून बसले. त्याच्या बाजूने एखादा शब्द मी बोलायला हवा होता. बोलले नाही. मला ती ओळ हवी होती, आणि त्या क्षणी तिच्यापुढे मला मामा दिसला नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातांचा संसार मोडला. तारा सरळ चढवल्या. पण घोडी सरळ बसेना. फिरवली की एक पाय टेके आणि दुसरा अधांतरी राही, कारण ती फिडलच्या पोटाला उलट्या बाजूनेच बेतलेली होती. नवी घोडी धारवाडहून यायची तर संक्रांत उलटून जाणार. मी पोस्टकार्डाचा तुकडा घडी करून त्या पायाखाली घातला. दिवसातून चार वेळा घोडी आडवी व्हायची आणि तारा सटकन बोटांवर बसायच्या. शाळेतला खडू खुंट्यांना चोळायचा, तारा चढवायच्या, आणि पुन्हा सा. घरात सुतार असताना मी त्याला घोडी मागितली नाही. मागायचे तोंडच नव्हते.

मास्तर दिवसाआड येत. भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत आणि एकच शब्द बोलत. "मत्ते." कानडीत मत्ते म्हणजे पुन्हा. गज टोकाला जाऊन परत फिरतो, तिथे माझ्या हाताला धक्का बसे आणि सुराला गाठ पडे. मत्ते. पुन्हा गाठ. मत्ते. एकदा वैतागून विचारले की तुम्हाला ही एवढीशी गाठ ऐकू तरी कशी येते. त्यांनी बाहेर बोट केले. आळीत चार घरी माग चालू होते, खटक खटक.

"धोटा टोकाला जाऊन आपटतोय बघ. तुझा गज तसाच आपटतोय. कापडाला चालतं अव्वा, सुराला नाही चालत."

मग मला माझा धोटा जिथे तिथे ऐकू यायला लागला. शाळेत मुली बाराखडी म्हणत, तिच्यात आपटायचा. भाकरी थापताना आपटायचा. मनगट सैल सोडायचे, पण टोक येण्याआधीच सोडायचे, हे कळायला मला अकरा दिवस लागले आणि हाताला कळायला त्याहून जास्त. उजव्या हाताच्या बोटांना तीन वर्षांचे घट्टे होते, ती आता गजावर नुसती ठोंब्यासारखी बसत. डाव्या हाताची बोटे कोवळी, ती विसाव्या दिवसानंतर तारेला लागली तेव्हा सोलून निघाली. मी हळद लावली, चिंधी बांधली आणि चिंधीवरूनच वाजवले. शेजारणी म्हणत, इंदीला भुताने धरले. धरले असते तर बरे झाले असते, निदान त्याने तरी गज नीट धरला असता.

मामा मात्र घरात राहीना. पहाटे मी तारा लावायला घेतल्या की तो उठून आडावर जाऊन बसे. माझ्याशी बोलत होता, मीठ दे, पाणी तापलं का, एवढेच. सोमवार आला तेव्हा त्याने पेटी बाहेर काढली नाही. भजनाची मंडळी बोलावायला आली, त्यांना म्हणाला की खांदा दुखतोय. दुसऱ्या सोमवारीही खांदाच दुखत होता. पेटीवर धूळ साचू लागली. मी ती पुसायला गेले तर म्हणाला, ऱ्हाऊ दे. त्या दोन शब्दांनी मला जितके लागले तितके तार सटकल्याने कधी लागले नाही. तरी मी वाजवणे थांबवले नाही. हट्ट म्हणा, अप्पलपोटेपणा म्हणा. पण आता थांबले तर त्याची तीन वर्षे आणि माझे हे दिवस दोन्ही मातीत जातील, असे मला वाटत होते.

पुढच्या दिवसांत मास्तरांनी ओळ हातात घेतली. मला वाटले होते सूर बसले की ओळ झाली. त्यांनी विचारले, यातला तुझा आवडता शब्द कुठला? तीन वर्षे वाजवलेल्या पदात शब्द आहेत याचाच मला विसर पडला होता. मास्तर म्हणाले, तू सगळ्या अक्षरांना सारखा गज वाटतेस. घरात सगळ्यांना सारखी भाकरी वाढतेस का? जो रानातून दमून आला त्याला जास्त, बसून आहे त्याला चतकोर. बोटांनी शब्द होतात, बोलणे गजाने होते. मी रात्रंदिवस ती ओळ तोंडात घोळवत राहिले, आणि मला सापडले की देवाचे नाव मोठे असले तरी माझा जीव त्याच्या आधीच्या एका साध्या शब्दावर आहे. 'ये' एवढाच तो शब्द. त्याच्यासाठी गज राखून ठेवायचा तर आधीच्या अक्षरांना काटकसरीने वाढावे लागे. हे गणित रोज चुकायचे, पण आता ते कुठे चुकले हे मला कळत होते.

संक्रांतीला चार दिवस उरले असताना शाळेतून आले तर फिडल कोनाड्यात नव्हते. ते मामाच्या मांडीवर होते. पोस्टकार्डाचा तुकडा बाजूला पडला होता आणि तारांखाली नवी घोडी उभी होती. उतार सरळ, पाय पोटाला चिकटलेले. मी शाळेत असताना तो मिलमधून जेवायला येई, तेव्हा रोज थोडी थोडी घासून बसवून बघत होता, हे मला मागाहून कळले. जुनी घोडी त्याने माझ्या हातात ठेवली.

"लाकूड त्याच धोट्याचं हाय," तो म्हणाला. "निम्मं उरलं हुतं."

मी त्याच्या पाया पडले. तो उठून आडावर गेला.

मास्तरांनी बोलावले ते नेमके संक्रांतीच्या सकाळी, कारण दुपारनंतर तंबूत खेळांवर खेळ होते. गावात जत्रेच्या मानाच्या काठ्यांची मिरवणूक निघायची होती, रस्त्याने हलगी वाजत होती. मी पहाटेपासून तीळ भाजून, कुटून लाडू वळले होते. हात धुतले, लुगड्याला पुसले, फिडल उचलले आणि मास्तरांच्या बहिणीच्या घरी निघाले. मामाला चल म्हणायचे धाडस झाले नाही.

तिळाचे तेल नुसत्या पाण्याने जात नाही, ही गोष्ट कुठल्याही सोलापूरच्या बाईला ठाऊक आहे. मला त्या सकाळी ती आठवली नाही. बसल्यावर गजाचे केस सरळ करायला म्हणून मी त्यांच्यावरून मुठीकडच्या बाजूने बोटे फिरवली. सुरुवात केली. गजाचा पहिला भाग तारेवरून पाण्यासारखा वाहून गेला. आवाजच नाही. पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. बोटांकडे पाहिले आणि समजले. तेल लागलेले केस तार धरीत नाहीत, आणि पकड यावी म्हणून चोळायची राळही त्यांना लगेच लागत नाही. चाळीस दिवस माझ्या डोळ्यांपुढून गेले. मास्तर डोळे मिटून बसले होते. त्यांनी मत्ते म्हटले नाही.

गजाचा टोकाकडचा निम्मा भाग कोरडा होता. तेवढ्यातच ओळ बसवायची असे मी ठरवले. निम्मा गज म्हणजे निम्मा श्वास. सगळ्यांना वाढता येणार नव्हते. मी आधीची अक्षरे नुसती स्पर्शून सोडली, देवाच्या नावालाही हात आखडता घ्यायचे मनाशी धरले, आणि हातात होते नव्हते ते सगळे 'ये' वर घातले. गज टोकाला गेला, परत फिरला आणि सूर चालूच राहिला. कुठे फिरला ते मला स्वतःला ऐकू आले नाही. देवाच्या नावाला अगदी चिमूटभर उरले, तेवढे दिले आणि थांबले.

मास्तरांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिले नाही. दाराकडे पाहत होते. उंबऱ्याबाहेर मामा उभा होता, हातात चपला. कधी आला ते कळले नाही.

मास्तरांनी फिडल माझ्याकडून घेतले, तारांखाली बोट घालून घोडी चाचपली, तिच्या पायांवरून नख फिरवले. आणि चाळीस दिवसांपूर्वी विचारला होता तसाच प्रश्न तितक्याच शांतपणे विचारला. ही कोण केलं?

मामा खाली बघत म्हणाला, "म्या."

"मेस्त्री," मास्तर म्हणाले, "माझ्या फिडलाला बी एक करून द्या की."

मामाने चपला खाली ठेवल्या आणि आत आला. मग ते दोघे फिडलावर वाकून लाकडाबद्दल इतके बोलत बसले की मी आहे हे दोघेही विसरले. धोट्याचे लाकूड लई कडक, मास्तर, आवाज जरा चिरका करतंय. मग पाय पातळ ठेवा, मेस्त्री. निघताना मास्तर मला एवढेच म्हणाले की पुढल्या मार्गशीर्षात येतो, तोवर हात साबणाने धुवत जा. त्याच्या पुढच्या सोमवारी मामाचा खांदा बरा झाला.

मास्तर त्यानंतर नऊ हिवाळे आले. तंबूत बोलपट आला, पडद्याशेजारची त्यांची जागा गेली, तरी ते येत राहिले, फक्त शिकवायला. त्या हिवाळ्यांबद्दल केव्हातरी लिहीन, नाही तर नाही. मामा गेला, मास्तर गेले. आळीतल्या हातमागांच्या जागी विजेचे माग आले, धोटा आता इतक्या वेगाने आपटतो की आपटणे वेगळे ऐकू येत नाही.

डॉक्टरांनी उजव्या हातासाठी रबराचा चेंडू दाबायला सांगितला आहे. खांदा पुन्हा गज ओढेल का, असे विचारले तर ते औषधाची चिठ्ठी लिहू लागले. मी चेंडू दोन महिने दाबला. तो काही केल्या वाजत नाही.

त्या 'टण्ण' नंतर मी फिडलची पेटी उघडली. राळेच्या डबीत, फडक्यात गुंडाळलेली जुनी घोडी होती. तेल-भुशाचा वास कधीच गेला आहे, पण मी हुंगून पाहिली. गुडघ्यात फिडल धरून, दातांनी तार ओढून, एका हाताने सगळ्या तारा उलट्या चढवायला मला दोन सकाळी लागल्या. मग मामाची पहिली घोडी बसवली. तिचे पाय पोटाला जाऊन चिकटले, केस जाणार नाही असे.

उजव्या हाताची बोटे तारेवर टेकवली. मनगट चालत नाही, पण दाबायचे काम बोटे करतात. गज डाव्या हातात घेतला. आतली काडी आहे तिथेच आहे, त्यामुळे खर्ज पूर्वीसारखाच घुसमटतो. गज टोकाला गेला आणि खाडकन आपटला. मी मोठ्याने 'मत्ते' म्हटले. घरात ऐकायला कुणी नव्हते.

वीस दिवस नुसता सा, मग बोटे, मग ती ओळ. आज चौथा दिवस आहे. अजून सोळा.